घोडा एवढा लहान का? गेममधला 'लोर' चाहते कसा वाचतात

'एल्डन रिंग' या गेममध्ये केलिड नावाचा एक सडत चाललेला, तांबडा प्रदेश आहे. तिथल्या वाळूत राडान हा सेनापती भेटतो. अंगाने राक्षसासारखा, आणि बसलाय तो एका हडकुळ्या, लहानशा घोड्यावर. घोडा त्याच्या मांड्यांखाली जवळजवळ दिसेनासा होतो. पहिल्यांदा लढताना याकडे बघायला फुरसत नसते, कारण दुरूनच भाल्यांएवढे बाण अंगावर यायला लागतात. लढाई संपली की राडानची 'आठवण' म्हणून एक वस्तू मिळते. तिचं वर्णन उघडून वाचलं तर त्यात दोन ओळी सापडतात: राडान तरुणपणी सेलिया गावात गुरुत्वाकर्षणाची विद्या शिकला, ती एवढ्यासाठीच की आपल्या लाडक्या, किडकिडीत घोड्याला कधी सोडून द्यावं लागू नये.

बस, एवढंच. त्याचं वेगळं दृश्य नाही, निवेदन नाही. ज्याने वर्णन उघडलं नाही त्याच्यासाठी राडान म्हणजे एक अवघड बॉस, हरवायला कठीण असा मोठा शत्रू. ज्याने उघडलं त्याला कळतं की हा माणूस वाढत गेला, घोडा होता तेवढाच राहिला, आणि त्याने घोडा बदलण्याऐवजी स्वतःचं वजन पेलायची विद्या मिळवली. मी ती ओळ वाचली आणि पुढच्या वेळी त्याच्यावर तलवार उगारताना हात जरा जड झाला.

गेम खेळणारे ज्याला 'लोर' म्हणतात तो हाच. नवा ओपन वर्ल्ड (मनाला येईल तिकडे फिरता येणारा) फँटसी गेम आला की आठवडाभरात चाहत्यांच्या चर्चा सुरू होतात, आणि बाहेरच्या माणसाला त्यातलं अक्षरही कळत नाही. कधी कधी तोच गेम पूर्ण खेळलेल्यालाही कळत नाही. 'हे सगळं यांना कुठून कळलं? मी पण खेळलो, मला तर कुणी सांगितलं नाही,' हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेलाय की एकदा सविस्तर लिहायचं ठरवलं. पुढे 'एल्डन रिंग' आणि त्याच्या डीएलसीतली, म्हणजे नंतर आलेल्या जोड-भागातली, रहस्यं उघड केली आहेत. खेळायचा असेल तर आधी खेळून या.

आधी एक फरक समजून घ्यायला हवा. गेमची कथा म्हणजे तुम्ही खेळताना जे घडतं ते. लोर म्हणजे तुम्ही तिथे पोचण्याआधी जे घडून गेलं ते: कुणी कुणाला मारलं, कुठला वंश कसा बुडाला, हा किल्ला ओस का पडला. 'एल्डन रिंग'मध्ये तर ही विभागणी अगदी शब्दशः आहे. फ्रॉमसॉफ्टवेअरचा हा गेम २५ फेब्रुवारी २०२२ ला आला. दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी. त्यातल्या जगाचा प्राचीन इतिहास जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी लिहून दिला, आणि मियाझाकींच्या चमूने तो इतिहास मोडूनतोडून, त्याचे अवशेष जगभर विखुरले. आपण खेळतो ते त्या इतिहासानंतरच्या पडझडीत.

असं विखरून का ठेवायचं? मियाझाकींनी मुलाखतीत सांगितलेली एक आठवण इथे उपयोगी आहे. लहानपणी ते इंग्रजीतली फँटसी पुस्तकं वाचायचे. भाषा पुरती यायची नाही, त्यामुळे मधले मधले भाग कळायचे नाहीत. मग चित्रं बघून, कळलेल्या तुकड्यांना धरून उरलेली गोष्ट ते मनाने जुळवायचे. त्यांचे गेम खेळणाऱ्याला नेमकं त्याच जागी आणून बसवतात. पान अर्धं फाटलेलं आहे, उरलेलं तुम्ही जुळवा.

तुकडे कुठे असतात

सगळ्यात जास्त तुकडे वस्तूंच्या वर्णनांत असतात. तलवार, अंगठी, मंत्र, मेलेल्या शिपायाचं शिरस्त्राण, प्रत्येकाखाली दोन-चार ओळी. त्याखालोखाल महत्त्वाचं म्हणजे ती वस्तू सापडली कुठे. एखाद्या घराण्याची ढाल भलत्याच राज्यातल्या प्रेताजवळ पडलेली असेल, तर ते प्रेत तिथे का आलं हा प्रश्न कुणीतरी मुद्दाम तुमच्यासाठी ठेवलेला असतो. मग पुतळे, भिंतीवरची चित्रं, पडलेल्या इमारतींची धाटणी, शत्रू कुठे तोंड करून उभे आहेत. आणि अर्थातच पात्रांचं बोलणं, जे एकदा ऐकून भागत नाही; काही घडलं की परत जाऊन विचारावं लागतं, तेव्हा ती नवं काही बोलतात.

हे सगळं एकत्र कसं येतं ते एका उदाहरणात बघू, आणि हे उदाहरण मी घाईने उरकणार नाही, कारण माझ्या मते हे या गेममधलं सर्वांत देखणं कोडं आहे.

मारिका ही या जगाची राणी आणि देवी. तिचा पहिला नवरा गॉडफ्री. त्याला हद्दपार केल्यावर तिचा दुसरा नवरा झाला राडागॉन, तांबड्या केसांचा योद्धा. राडागॉनचं आधी रेनाला या जादूगार राणीशी लग्न झालेलं होतं. राडान, रॅनी आणि रायकार्ड ही त्यांची मुलं. तिला सोडून तो मारिकाकडे गेला. मारिका आणि राडागॉनला जुळी झाली: मलेनिया आणि मिकेला. इथवरची वंशावळ कुठल्याही राजघराण्याची वाटावी अशीच.

आता मलेनियाला हरवल्यावर मिळणाऱ्या आठवणीचं वर्णन वाचा. तिथे म्हटलंय की मिकेला आणि मलेनिया ही दोघं एकाच देवाची मुलं आहेत, आणि म्हणूनच दोघंही देव होण्यास पात्र आहेत, पण त्यांना जन्मजात व्याधी आहे: एक कायम मूलच राहतो, दुसरीच्या अंगात सड आहे. 'एकाच देवाची.' पहिल्या वाचनात आपण याचा अर्थ 'एकाच आईची' असा लावून पुढे जातो.

मग एका हातोड्याचं वर्णन येतं. याच हातोड्याने मारिकाने एल्डन रिंग, म्हणजे या जगाचे नियम बांधून ठेवणारी शक्ती, फोडली, आणि याच हातोड्याने राडागॉनने ती सांधायचा प्रयत्न केला. फोडणारी ती, जोडणारा तो, हत्यार एक.

राजधानी लेंडेलमध्ये राडागॉनचा मोठा पुतळा आहे. त्याच्यासमोर जमिनीवर एक संदेश लिहिलेला दिसतो, त्याचा आशय असा की परतीची वाटच गुपितं उघड करते. बहुतेकजण वाचतात आणि पुढे जातात. पण याच आशयाच्या नावाचा एक मंत्र गेममध्ये आहे, गोष्टींना मूळ रूपाकडे परत नेणारा. तो म्हणायला तुमच्या पात्राची बुद्धी किमान ३७ लागते; तलवारीच्या जोरावर खेळणाऱ्याकडे ती नसते, मुद्दाम वाढवावी लागते. तेवढं करून पुतळ्यासमोर मंत्र म्हटला की पुतळा बदलतो. राडागॉनच्या जागी मारिका उभी दिसते, आणि पडद्यावर अक्षरं येतात: राडागॉन म्हणजेच मारिका.

हे सत्य गोल्डमास्क या मुक्या, तपस्वी विद्वानाला सांगितलं तर त्याचं अडलेलं संशोधन पुढे सरकतं. शेवटच्या लढाईत हे डोळ्यांदेखत दिसतंच, मारिकाचं भग्न शरीर बघता बघता राडागॉनचं बनतं. पण ज्याने हातोडा, ती 'एकाच देवाची' ओळ आणि पुतळा मागे जोडून ठेवलेला असतो, त्याला त्या क्षणी धक्का बसत नाही. त्याला आधीचं सगळं एकदम उजळून दिसतं. जुळ्या मुलांच्या व्याधींचं कारण सुचतं. रेनाला ज्याच्या विरहात वेडी झाली तो नेमका कोण होता, हा प्रश्न नव्याने उभा राहतो.

लोर कधी कधी जगाचा नकाशाच बदलतो. राडानने आपल्या विद्येने आकाशातले तारे थोपवून धरले होते. रॅनीचं भवितव्य ताऱ्यांशी बांधलेलं, त्यामुळे तेही अडकलेलं. तुम्ही राडानला हरवलंत की तारे सुटतात, त्यातला एक लिमग्रेव्ह या प्रदेशावर कोसळतो आणि जमिनीला एवढं मोठं भगदाड पडतं की त्यातून खाली गाडलेल्या नोक्रॉन नगरीत उतरता येतं. जी ओळ नुसती दंतकथा वाटत होती, ती वाट निघाली.

हे सांगतंय कोण?

तुकडे गोळा करणं हे अर्धं काम. उरलेलं अर्धं म्हणजे प्रत्येक तुकड्याला विचारणं: हे कोण म्हणतंय, आणि त्याला हे म्हणण्यात काय मिळतं? नवे चाहते इथेच घसरतात. गेममध्ये लिहिलंय म्हणजे खरंच असणार, असं धरून चालतात.

याचा उत्तम वस्तुपाठ जुना आहे, २००२ मधला: बेथेस्डा कंपनीचा 'मॉरोविंड' हा गेम. तिथे नेरेवार नावाचा प्राचीन वीर कसा मेला यावरून सगळा देश दुभंगलेला आहे. देवळाचं अधिकृत म्हणणं, तो युद्धातल्या जखमांनी मेला. राखेच्या मैदानातल्या भटक्या टोळ्या सांगतात की त्याच्या तीन जवळच्या सोबत्यांनीच त्याचा घात केला, आणि तेच तिघे पुढे देव म्हणून मिरवू लागले. गेममधल्या पुस्तकांत दोन्ही बाजूंच्या बखरी आहेत, आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. त्या तिघांपैकी एक, विवेक, स्वतः भेटतो आणि देवळाचीच बाजू सांगतो.

पण विवेकच्या नावावर ३६ प्रवचनं आहेत, कमालीची दुर्बोध. त्यातल्या २९ व्या प्रवचनात आकड्यांची एक यादी येते. चाहत्यांनी त्या आकड्यांनुसार एकेका प्रवचनातला तितकावा शब्द मोजून काढला आणि ओळीने मांडला. निघाला तो कबुलीजबाब: हा जन्मतः देव नव्हता, याने देवत्व चोरलं, आपल्या सेनापतीचा, म्हणजे नेरेवारचा, खून केला, आणि हे लिहिणारा विवेक स्वतःच. तोंडाने नाकारलेली गोष्ट त्याने स्वतःच्या पोथीत पुरून ठेवली होती.

मला हे फार मोठं वाटतं. लिहिणाऱ्यांनी खेळाडूला अभ्यासक म्हणून वागवलं. पाठभेद समोर ठेवले, खोटं बोलणारा देव ठेवला, आणि कुणीतरी शब्द मोजत बसेल यावर विश्वास टाकला.

'एल्डन रिंग'मध्ये अशीच एक उलथापालथ चाहत्यांच्या पदरी आली. मूळ गेम खेळून सगळ्यांचं मत झालं होतं की मोग या रक्तपिपासू उमरावाने कोषात झोपलेल्या मिकेलाला पळवून नेलं. वस्तूंची वर्णनंही तेच सुचवत होती: मोग त्याला आपलंसं करू पाहत होता आणि तो कोवळा देवांश काहीच प्रतिसाद देत नव्हता. दोन वर्षं मोग म्हणजे शुद्ध खलनायक. मग २१ जून २०२४ ला 'शॅडो ऑफ द एर्डट्री' ही डीएलसी आली. तिच्यात मोगचा जुना चाकर आन्सबाख भेटतो आणि सांगतो की भुरळ पडली होती ती मोगलाच, आणि ती घातली होती मिकेलाने.

इथे जाणते चाहते काय करतात ते बघण्यासारखं आहे. आन्सबाख मोगचा माणूस, तेव्हा तो धन्याची बाजू घेणारच, हे ते आधी मान्य करतात. मग दुसरा पुरावा शोधतात. तो मिळतो: डीएलसीत एका टप्प्यावर कुठेतरी मोठा रून (एल्डन रिंगचा शक्तिशाली तुकडा) फुटल्याचं आणि त्याबरोबर एक जबरदस्त भुरळ मोडल्याचं गेम सांगतो, आणि त्यानंतर मिकेलाच्या मागे निघालेली माणसं जागी झाल्यासारखी वागू लागतात. आता साक्ष एकाची राहिली नाही. आधीची वर्णनं खोटी ठरली का? नाही. मिकेला गप्प होता हे खरंच होतं. गप्प का होता, ते आपण आपल्या मनाने भरलं होतं.

म्हणून माझी एक सवय आहे, आणि नव्याने या छंदात येणाऱ्याला मी तीच सांगतो. थिअरी मांडताना प्रत्येक वाक्यापुढे मनात एक खूण करा: हे गेममध्ये दिसलं, हे गेममधल्या कुणीतरी म्हटलं, की हे मी जोडलं. बहुतेक भांडणं तिसऱ्या प्रकारचं वाक्य पहिल्या प्रकारचं म्हणून सांगितल्यामुळे होतात.

गेमच्या बाहेरचे पुरावे

काही पुरावे गेमच्या बाहेरून येतात, आणि तिथे जास्त जपून चालावं लागतं.

भाषांतर हा त्यातला पहिला. गेमच्या अनेक शेवटांपैकी रॅनीच्या शेवटात ती जे बोलते ते इंग्रजीत ऐकलं तर वाटतं की सगळ्या सृष्टीवर थंडगार रात्र, भय आणि एकटेपण लादलं जाणार. जपानी जाणणाऱ्या चाहत्यांनी मूळ संवाद समोर ठेवला आणि दाखवलं की तिथे सूर वेगळा आहे: देवांची सत्ता माणसांपासून दूर, हात लागणार नाही इतकी दूर न्यायची, आणि तो एकाकी, काळोखा प्रवास तिने आणि तिच्या जोडीदाराने करायचा. जिला कित्येकांनी निष्ठुर ठरवलं होतं, तिच्याबद्दलचं मत त्यामुळे पालटलं. संवादाच्या एखाद्या शब्दावर मोठी थिअरी उभी करत असाल, तर तो शब्द मूळ भाषेत काय आहे हे आधी बघा.

दुसरं म्हणजे पॅच, गेम बाहेर आल्यावर त्यात केलेले बदल. गेम छापील पुस्तकासारखा एकदाच पुरा होत नाही. १७ मार्च २०२२ च्या १.०३ पॅचने नेफेली, केनेथ हाइट, डायलोस अशा पात्रांच्या अर्धवट राहिलेल्या कथा पुढे नेल्या. त्याआधी ज्यांनी 'हे पात्र असंच वाऱ्यावर सोडलंय, यातच लेखकाचं म्हणणं आहे' असं लिहिलं होतं, त्यांना ते मागे घ्यावं लागलं.

तिसरं, गेमच्या फायलींत खोलवर पडलेला, वापरात न आलेला मजकूर. काहीजण तो बाहेर काढतात. तो वाचायला मलाही आवडतो, पण तो खऱ्या पुराव्यात धरू नये. लेखकांनी लिहून बाजूला ठेवलेली गोष्ट ही त्यांनी सांगितलेली गोष्ट नसते.

आणि मग नमुने शोधण्याचा मोह. 'एल्डन रिंग'मधल्या देवांशांची नावं जी, आर आणि एम या अक्षरांनी सुरू होतात: गॉडविन, गॉड्रिक, राडान, रॅनी, मलेनिया, मोग. ही तर जॉर्ज आर. आर. मार्टिन यांची आद्याक्षरं! ही थिअरी वणव्यासारखी पसरली. मार्टिन यांनी स्वतः ती फेटाळून लावली. त्यांचं म्हणणं असं की माझं नाव गेमवर उघड छापलेलं असताना मी ते आत कशाला लपवू? नमुना डोळ्यांना खरोखर दिसतो, तरी त्यामागे हेतू असेलच असं नाही. विवेकच्या आकड्यांमागे हेतू होता, कारण त्यातून एक अर्थपूर्ण वाक्य निघालं आणि ते बाकीच्या कथेला चिकटलं. आद्याक्षरांमधून एक नाव निघालं, पण ते कथेतल्या कशालाही हात लावत नाही.

कॅनन, म्हणजे अधिकृत काय मानायचं, यावरचे वाद तर न संपणारे आहेत. त्यातली एकच युक्ती सांगतो, कारण ती धाडसी होती. 'मॉरोविंड'च्याच मालिकेतल्या, १९९६ च्या 'डॅगरफॉल'ला अनेक शेवट होते. खेळाडू एका प्रचंड शस्त्राचं काय करतो त्यावर कोण जिंकणार ते ठरायचं. पुढच्या गेममध्ये यातला कुठला शेवट खरा धरायचा? लेखकांनी ठरवलं, सगळेच. त्या काही दिवसांत काळ मोडला आणि एकमेकांना खोटे पाडणारे सगळे शेवट एकाच वेळी घडले. त्या जगातले लोक अशा घटनेला 'ड्रॅगन ब्रेक' म्हणतात. ज्या खेळाडूने जे केलं होतं ते कुणाचंच पुसलं गेलं नाही.

पुन्हा वाचताना

लोर वाचण्यातला खरा आनंद मला उलट्या दिशेने मिळतो. नवा तुकडा हाती लागतो आणि आधी हसून सोडून दिलेली गोष्ट बदलून जाते.

लिमग्रेव्हमध्ये एक जिवंत रांजण भेटतो, लोखंडी मूठवाला अलेक्झांडर. जमिनीत रुतून बसलेला असतो, मागून फटका मारून त्याला सोडवावं लागतं. आभार मानतो, मोठ्या मनाने बोलतो, राडानच्या लढाईत आपल्या बाजूने उतरतो. या रांजणांच्या पोटात मेलेल्या योद्ध्यांचे अवशेष असतात हे आपल्याला तेव्हाच कळतं, पण त्याच्या मोकळ्या स्वभावापुढे ते फारसं बोचत नाही. तो सगळ्यांचा लाडका.

डीएलसीत बॉनी नावाचं खेडं लागतं, आणि रांजणांनी भरलेले तुरुंग. तिथे उलगडतं की मारिकाच्या जमातीतल्या बायकांना शिंगवाल्या लोकांनी पकडून नेलं, कापलं आणि गुन्हेगारांच्या मांसाबरोबर रांजणांत कोंबलं. जगावर राज्य करणाऱ्या, मुलांना हद्दपार करणाऱ्या, रिंग फोडणाऱ्या त्या कठोर देवीचं माहेर असं संपलं होतं.

याच खेड्यात 'हे माते' नावाची एक मुद्रा शिकायला मिळते. सावल्यांच्या गडात मारिकाचा पुतळा आहे, त्याच्यासमोर ती मुद्रा केली की लपलेली वाट उघडते. त्या वाटेने पुढे गेलं की एक लहानसं गाव येतं. थोडी घरं, सगळीकडे फुलं, आणि माणूस एकही नाही. शेवटी एका झाडापाशी सोनेरी केसांची कापलेली वेणी सापडते. तिच्या वर्णनात लिहिलंय की मारिकाने ती आजीमातेला वाहिली होती. तिचं मागणं काय होतं, इच्छा होती की कबुली, हे सांगायला आता कुणी उरलेलं नाही, आणि मारिका पुन्हा कधी घरी आली नाही.

त्याच गावात एक मंत्रही मिळतो. आसपासच्या सोबत्यांच्या जखमा भरून काढणारं लहानसं सोनेरी झाड त्याने उगवतं. मारिकाने या मंत्राने आपलं गाव सोन्याच्या उजेडात न्हाऊ घातलं होतं, बरं करायला तिथे कुणीच उरलं नाही हे पुरतं ठाऊक असून.